मोजलेली वलयं आणि जुळवलेली वलयं: झाडाच्या व्रणांतून जुन्या वणव्याचं वर्ष काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या पाइनच्या वाळलेल्या खुंटाची चकती हाती आली आहे. तिच्यावर आगीचे सहा व्रण दिसतात. बाहेरच्या कडेपासून आत वलयं मोजली आणि प्रत्येक व्रणाला वर्ष दिलं. आता ही वर्षं पक्की धरायची का? आणि दोन व्रणांमधल्या अंतरांची सरासरी काढून 'या जंगलात दर इतक्या वर्षांनी वणवा लागायचा' असं लिहायचं का?

दोन्हींचं उत्तर आज तरी 'नाही' असं आहे. पण चकती मोलाची आहे आणि तिच्यातून खरं वर्ष निघू शकतं. कधीकधी वर्षच नाही, तर त्या वर्षातला हंगामसुद्धा निघतो. ते कसं, आणि मोजणी कुठे फसते, हे जरा सविस्तर सांगतो, कारण या एका चुकीपायी चांगले नमुने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

आधी व्रण तयार कसा होतो ते पाहू. सालीच्या लगेच आत जिवंत पेशींचा अगदी पातळ थर असतो, तो म्हणजे कॅम्बियम. आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल घालण्याचं काम हाच थर करतो. त्याचं तापमान साधारण 60 अंश सेल्सियसच्या वर गेलं की तो मरतो. जमिनीलगतचा वणवा गवत आणि वाळलेल्या सुया खात पुढे सरकतो, झाडापाशी फार वेळ थांबत नाही. जाड सालीचं झाड बहुतेक वेळा त्यातून सहज निभावतं. मात्र वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला ज्वाळा खोडाला बिलगून उंच चढतात आणि जास्त वेळ टिकतात. आग उतारावरून वर चढत असली तर ही बाजू म्हणजे झाडाची वरच्या उताराकडची बाजू. वरून घसरून आलेला पालापाचोळा, सुया, काटक्याही तिथेच खोडाला अडून साठलेल्या असतात. त्यामुळे नेमक्या त्या बाजूचा कॅम्बियम भाजतो. बाकीचं झाड जिवंत राहतं आणि बुंध्याशी रुंद, वर निमुळती होत जाणारी त्रिकोणी जखम उरते.

पुढच्या वर्षापासून जखमेच्या दोन्ही कडांचं जिवंत लाकूड तिच्यावर चढायला लागतं. चकतीत हे फार स्पष्ट दिसतं: वलयं सरळ चालत आलेली असतात आणि व्रणापाशी येऊन कानाच्या पाळीसारखी आत वळतात. जखम पूर्ण बुजण्याआधी पुन्हा आग आली, तर उघड्या लाकडावर साठलेली राळ पेटते, कडेवरची कोवळी पातळ साल उष्णता अडवू शकत नाही आणि तिथेच दुसरा व्रण पडतो. मग तिसरा. अशा थरावर थर चढलेल्या खोबणीला या क्षेत्रातले लोक कॅटफेस म्हणतात. याचा अर्थ असा की एकदा जखमी झालेलं झाड पुढच्या आगी नोंदवायला जास्त तयार असतं आणि कधीच जखमी न झालेलं झाड कितीतरी आगी अंगावरून जाऊ देतं, कुठलीही खूण न ठेवता. हा मुद्दा सरासरीच्या प्रश्नात पुन्हा येणार आहे.

आता मोजणीचं बघू. तुमच्या चकतीची पहिली अडचण तर दारातच उभी आहे. खुंट वाळलेला आहे. झाड कोणत्या वर्षी मेलं किंवा तोडलं ते माहीत नाही. साल गेलेली आहे, म्हणजे बाहेरची काही वलयं कुजून किंवा झिजून गेली असण्याची शक्यता मोठी. मग बाहेरून मोजायला सुरुवात केली ती कोणत्या वर्षापासून? तिथे एक अंदाज धरला की पुढची सहाही वर्षं त्या अंदाजावर टांगलेली राहतात.

पण समजा झाड जिवंत होतं, साल शाबूत होती आणि नमुना कधी घेतला ते वहीत लिहिलेलं आहे. तरी नुसती मोजणी पुरत नाही. शिकत होतो तेव्हाची माझी चूक सांगतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या एका उतारावरच्या तीन जिवंत पाँडेरोसा पाइनचे तुकडे माझ्या टेबलावर होते. सालीपासून आत मोजत गेलो. आतल्या भागातला एक ठळक व्रण पहिल्या झाडात 1748 सालात आला, दुसऱ्यात 1749 आणि तिसऱ्यात 1750 सालात. तीन वर्षांत तीन आगी, असं मी वहीत लिहिलंही. माझ्या शिक्षकांनी ते वाचलं, दुसऱ्या झाडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि 1847 कुठे आहे ते दाखव म्हणाले. मला ते सापडेना. माझ्या मोजणीच्या रेषेवर ते वलय नव्हतंच. तुकडा फिरवून दुसऱ्या बाजूला पाहिलं तेव्हा जेमतेम दोन पेशींच्या जाडीची एक गडद रेघ दिसली आणि बोटभर अंतरात तीही शेजारच्या वलयात विरून गेली. त्या वर्षी दुष्काळ इतका कडक होता की झाडाला खोडाभोवती पूर्ण वलय घालता आलं नव्हतं. तिसऱ्या झाडात 1847 आणि 1904 अशी दोन वलयं त्या रेषेवर गायब होती. म्हणून मोजणी तिथे एक वर्षानं आणि इथे दोन वर्षांनी पुढे सरकली होती. तीन आगी नव्हत्याच. आग एकच होती, 1748 ची.

उलटही होतं. वाढीच्या मध्येच कोरडा काळ येऊन गेला आणि नंतर पाऊस झाला, तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. मग मोजणी मागे सरकते आणि व्रण आहे त्यापेक्षा जुना वाटतो. एक-दोन वर्षांची ही चूक किरकोळ समजू नका. तारखा एका वर्षानं जरी विस्कटल्या, तरी डोंगरभर पसरलेला एक मोठा वणवा कागदावर चार लहान वणवे होऊन बसतो. आगीचा संबंध त्या वर्षीच्या पावसाशी जोडायला गेलं की हाती काहीच लागत नाही, कारण आपण भलत्याच वर्षाचा पाऊस पाहत असतो.

यावरचा उपाय म्हणजे वलयं जुळवणं, ज्याला क्रॉसडेटिंग म्हणतात. अमेरिकेत ही पद्धत बसवली ए. ई. डग्लस यांनी. ते मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांच्या चक्राचा माग हवामानातून लागतो का, हे पाहायला ते झाडांच्या वलयांकडे वळले आणि 1937 साली ॲरिझोना विद्यापीठात त्यांनी वृक्षवलयांची प्रयोगशाळा उभी केली. कल्पना साधी आहे. एका प्रदेशातली झाडं एकच हवामान सोसतात, म्हणून वाईट वर्षाचं वलय सगळ्यांतच अरुंद येतं. एकेका अरुंद वलयाला अर्थ नसतो, त्यांच्या क्रमाला असतो. दोन अरुंद, मग सात रुंद, मग एक अतिशय अरुंद, असा क्रम दोन-तीनशे वर्षांच्या पट्ट्यात एकाच जागी बसतो. कुलपाच्या किल्लीसारखा. प्रत्यक्षात आम्ही आलेख-कागदाची लांब पट्टी घेतो आणि शेजारच्या वलयांपेक्षा जे वलय अरुंद दिसेल त्याच्या जागी उभी रेघ मारतो. वलय जितकं अरुंद, रेघ तितकी उंच. मग ही पट्टी त्या भागाच्या प्रमाणित क्रमाशेजारी, म्हणजे वर्षं पक्की झालेल्या अनेक झाडांवरून बनवलेल्या क्रमाशेजारी, धरून सरकवत जायची. नैर्ऋत्य अमेरिकेत काम करणाऱ्याला 1748, 1847, 1902, 1904, 2002 ही अरुंद वलयांची वर्षं तोंडपाठ असतात. ती पट्टीवर दिसली नाहीत तर तो थांबतो आणि कारण शोधतो. याच पद्धतीनं साल गेलेल्या, मृत्यूचं वर्ष माहीत नसलेल्या लाकडालाही वर्ष देता येतं. तुमच्या खुंटाचा मार्ग हाच आहे.

जुळणी नीट व्हायची तर लाकूड आरशासारखं घासलेलं हवं. करवतीच्या खरबरीत पृष्ठभागावर मोजलेली वलयं मी ग्राह्यच धरत नाही. 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून 400 पर्यंत आणि गरज पडली तर त्याहून बारीक कागदापर्यंत जावं लागतं, एकेका पेशीची भिंत दिसेपर्यंत. घासताना राळेचा वास खोलीभर पसरतो. तीनशे वर्षं जुन्या लाकडातूनही तो येतो.

पेशी दिसायला लागल्या की वर्षाच्या पुढची गोष्ट वाचता येते. प्रत्येक वलयाचे दोन भाग असतात: वाढीच्या सुरुवातीचं मोठ्या पेशींचं फिकट वसंतकाष्ठ आणि शेवटचं दाट, गडद शरदकाष्ठ. व्रणाची काळपट रेघ फिकट भागाच्या सुरुवातीला आहे, मध्यावर आहे, शेवटी आहे की गडद भागात, यावरून आग वाढीच्या हंगामात कधी आली ते कळतं. कधी रेघ बरोबर दोन वलयांच्या सीमेवर बसते. म्हणजे झाड वाढ थांबवून निजलेलं असताना आग आली. मग ती आधीच्या वर्षाच्या अखेरीची की पुढच्या वर्षाच्या सुरुवातीची? हे लाकूड एकटं सांगू शकत नाही, त्या प्रदेशाचा आगीचा हंगाम माहीत असावा लागतो. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत जुलैचा पाऊस येण्याआधीचे कोरडे महिने वणव्याचे असतात, म्हणून तिथे सीमेवरचा व्रण पुढच्या वर्षात धरतात. कॅलिफोर्नियात आगी उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर जास्त, म्हणून तिथे तो मागच्या वर्षात जातो. कोणता नियम वापरला हे लिहून ठेवा. दोन ठिकाणांची आकडेवारी एकत्र करताना हे न पाहिल्यानं एका वर्षाची गफलत सहज होते.

व्रण आगीचाच कशावरून? हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं. शेजारचं झाड पडताना खोड सोलवटतं, दगड गडगडत येऊन आदळतो, विजेनं वरून खाली लांब पट्टा फाटतो, अस्वलं साल ओरबाडतात. पाँडेरोसाची आतली साल अन्न म्हणून काढणाऱ्या मूळ रहिवाशांनी ठेवलेल्या खुणाही आजवर टिकून आहेत. आगीचा व्रण जमिनीपासून सुरू होतो, त्रिकोणी असतो, उतारावर वरच्या बाजूला असतो आणि बहुधा एकटा नसतो. कोळसा दिसला तर उत्तम, पण पहिल्या व्रणाशी कोळसा शोधत बसू नका. पहिल्या आगीत कॅम्बियम सालीआडून नुसता भाजलेला असतो, लाकूड उघडं पडतं ते साल गळल्यावर. जळकी काळी कड येते ती पुढच्या आगींनी. माझ्या दृष्टीनं सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे एकमेकांपासून लांब उभ्या असलेल्या झाडांवर एकाच वर्षी, वलयाच्या त्याच भागात पडलेला व्रण. दगड एका वेळी चाळीस झाडांवर पडत नाही.

आता सरासरीकडे येऊ. तुमच्या सहा व्रणांमधून पाच अंतरं मिळतात. त्यांची सरासरी म्हणजे 'हे झाड दर किती वर्षांनी जखमी झालं' याचं उत्तर. जंगल किती वर्षांनी पेटलं याचं नव्हे. झाडानं सोडून दिलेल्या आगी त्यात नाहीत, आणि पुढच्या आगींनी जाळून टाकलेले जुने व्रणही नाहीत. म्हणजे एका झाडाची सरासरी खऱ्यापेक्षा लांब येण्याकडे झुकते. याच्यासाठी एका जागेवरची बरीच झाडं घेऊन त्यांच्या तारखा एका तक्त्यावर मांडतात. प्रत्येक झाडाची एक आडवी रेघ आणि व्रणाच्या वर्षी तिच्यावर उभी खूण. झाड पहिल्यांदा जखमी होण्याआधीचा काळ तुटक रेघेनं दाखवतात, कारण त्या काळातली त्याची शांतता ही आग नसल्याची साक्ष नव्हे. या मांडणीसाठी हेन्री ग्रिसिनो-मायर यांनी एफएचएक्स-2 ही संगणक-प्रणाली केली आणि पुढची कित्येक वर्षं सगळे तीच वापरत होते.

मात्र एकत्रित तक्त्याचाही एक धोका आहे, उलट्या दिशेचा. क्षेत्र आणि झाडं वाढवत गेलं की कुठल्या ना कुठल्या झाडावर कुठल्या ना कुठल्या वर्षी व्रण सापडतोच आणि अंतर आखडत जातं. एका झाडाच्या बुंध्याशी विझलेली आग आणि अख्खा डोंगर पेटवणारी आग एकाच मापानं मोजली जाते. म्हणून आम्ही गाळणी लावतो: त्या वर्षी नोंद करू शकत असलेल्या झाडांपैकी निदान 25 टक्के झाडांवर व्रण असेल तरच ते वर्ष पसरलेल्या वणव्याचं धरायचं. टक्केवारी कोणती निवडली हे निष्कर्षाइतकंच ठळक लिहावं, असं माझं आग्रहाचं मत आहे. 2001 साली बेकर आणि एले या संशोधकांनी व्रणांवरून काढलेल्या अंतरांवर कडक आक्षेप घेतले होते, आणि त्या टीकेचा फायदाच झाला. पुढे ॲरिझोनातल्या रिंकन पर्वतरांगेत व्रणांवरून उभा केलेला आगींचा इतिहास विसाव्या शतकातल्या लेखी नोंदींशी ताडून पाहिला गेला. मोठ्या आगी व्रणांनी चांगल्या पकडल्या होत्या, चिमुकल्या आगी निसटल्या होत्या. रोजच्या कामातही हाच अनुभव येतो.

इतकी खटपट कशासाठी, हे या तारखा एकत्र ठेवल्यावर कळतं. 1748 हे नैर्ऋत्य अमेरिकेतलं ठिकठिकाणच्या व्रणांत सापडणारं वर्ष आहे, एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांबच्या डोंगरांवर. वलयं पाहिली तर 1747 चं वलय रुंद, म्हणजे भरपूर ओलावा, आणि 1748 चं अरुंद. ओल्या वर्षी गवत माजलं, कोरड्या वर्षी ते वाळून पेटलं. थॉमस स्वेटनम आणि हुलियो बेटनकोर्ट यांनी 1990 साली या आगींचा संबंध प्रशांत महासागरातल्या एल निन्यो आणि ला निन्याशी दाखवून दिला. एल निन्योच्या वर्षी तिथे ओल असते, ला निन्याच्या वर्षी कोरड. 1993 साली स्वेटनम यांनी कॅलिफोर्नियातल्या जायंट सिक्वोयाच्या पाच राईंमधला सुमारे 2000 वर्षांचा आगींचा इतिहास मांडला. साधारण 1000 ते 1300 या उबदार काळात आगी वारंवार पण लहान होत्या. त्याआधीच्या आणि नंतरच्या थंड काळात कमी वेळा, पण जास्त पसरणाऱ्या. वरवर उलटं वाटतं, पण वारंवार जळणाऱ्या जमिनीवर जळण साठत नाही.

माझ्या मनाला सगळ्यात भिडतो तो या तक्त्यांचा उजवा भाग. नैर्ऋत्येकडच्या कोणत्याही पाँडेरोसा जंगलाचा तक्ता घ्या. शतकानुशतकं खुणांच्या उभ्या ओळी येत राहतात आणि 1880 च्या आसपास त्या अचानक थांबतात. झाडं जिवंत आहेत, आडव्या रेघा पुढे चालू आहेत, खुणा नाहीत. अग्निशमन दलं तेव्हा नव्हतीच. रेल्वे आली, तिच्यामागून गुरांचे आणि मेंढ्यांचे प्रचंड कळप आले आणि आग वाहून नेणारं गवत त्यांनी खाऊन टाकलं. याची एक छान पडताळणी नावाहो लोकांच्या चुस्का पर्वतात मिळते. तिथे मेंढपाळी आधीपासून होती, आणि तिथले व्रण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच विरळ होतात. आग विझवण्याचं सरकारी धोरण नंतरचं. 1910 च्या महाभयंकर वणव्यांनंतर ते कडक होत गेलं आणि 1935 साली तर प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची, असा नियमच झाला. जळण साठत गेलं, मोकळ्या जंगलात दाट झाडोरा माजला. 2011 साली न्यू मेक्सिकोतल्या हेमेझ पर्वतातल्या लास कोंचास वणव्यानं सुमारे 63 हजार हेक्टर क्षेत्र जाळलं. त्यात जुने पाँडेरोसा उतारच्या उतार मेले, अशी झाडं की ज्यांनी आधीच्या कितीतरी आगी अंगावर व्रण घेऊन पचवल्या होत्या. सिक्वोया आणि किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानांमध्ये 1968 पासून मुद्दाम, आखून आग लावली जाते. किती वर्षांनी आणि कोणत्या हंगामात लावायची, हे ठरवताना पुढे हेच व्रण कामी आले.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. ही पद्धत झाड जखमी होऊन जगतं अशा जंगलांची आहे. जिथे आग शेंड्यांपर्यंत चढून सगळंच मारते, तिथे आत व्रण घेऊन उभं राहायला कुणी उरत नाही. तिथे जळिताच्या कडेवरचे थोडे व्रण आणि आगीनंतर एकदम उगवलेल्या झाडांचं वय, असं मिळून वर्ष काढावं लागतं. मिनेसोटातल्या बाउंड्री वॉटर्स भागाचा इतिहास हाइन्सलमन यांनी 1973 साली याच मार्गानं उभा केला. उष्ण प्रदेशात आधी झाड दरवर्षी एक स्पष्ट वलय घालतं का, हाच प्रश्न सोडवावा लागतो. सागासारखी मोजकी झाडं घालतात, पुष्कळशी घालत नाहीत.

तुमच्या चकतीसाठी आता काय करायचं ते सांगतो. चकती पुन्हा घासा. व्रणापासून लांब, जिथे वलयं सरळ आणि रुंद आहेत अशी रेषा निवडा, कारण व्रणाजवळची वळलेली वलयं फसवतात. त्या रेषेवर अरुंद वलयांची पट्टी तयार करा, वर्षं न लिहिता, नुसत्या क्रमांकांनी. मग त्याच उतारावरच्या दहा-पंधरा जिवंत झाडांचे पेन्सिलइतके जाड गाभे पोकळ गिरमिटानं काढा आणि त्यांचा क्रम पक्का करा. त्या भागाचा प्रमाणित क्रम आधीच कुणी तयार केला असेल तर काम निम्म्यावर येतं. खुंटाची पट्टी त्यावर सरकवा. जागा सापडली तर शेवटच्या वलयाचं वर्ष कळेल आणि सहाही व्रणांना वर्षं मिळतील. नाही सापडली तर चकतीला वर्ष देऊ नका, ती तशीच ठेवा. जास्त लांबीचा क्रम हाती आल्यावर ती पुन्हा काढता येते. आणि शेजारचे आणखी खुंट, पडलेले ओंडके शोधा. जिवंत झाडात चेनसॉ घालण्याआधी मेलेलं लाकूड संपवावं. जिवंत झाडातून पाचर काढायची वेळ आलीच तर ती लहान ठेवा आणि परवानगी घेऊनच काढा. प्रत्येक तुकड्यावर झाडाचा क्रमांक, जमिनीपासूनची उंची आणि उताराची बाजू तिथेच उभं राहून लिहा. खोलीवर आल्यावर ती आठवत नाही.